पराक्रम आणि पात्रता : सैनिकातील अभियंत्याच्या मान्यतेची चिकित्सा

गोषवारा

लष्कराच्या तांत्रिक शाखांत पंधरा-वीस वर्षे पूल, रस्ते, भूसुरुंग आणि यंत्रे यांवर काम केलेला जवान निवृत्त झाला, की त्याच्या अभियांत्रिकी ज्ञानाची नागरी जीवनात फारशी दखल घेतली जात नाही. या उपेक्षेचे कारण केवळ प्रशासकीय नाही. आपण ज्या भाषेत सैनिकाचा गौरव करतो, त्या भाषेतही ते दडलेले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे परमवीरचक्राचे सन्मानपत्र, माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे नियम आणि अलीकडच्या काळात सैन्याने बांधलेल्या पुलांची चर्चा यांचे चिकित्सक वाचन केले आहे.

कळीचे शब्द : सैनिकी अभियांत्रिकी, बॉम्बे सॅपर्स, व्यावसायिक मान्यता, समकक्षता, माजी सैनिक.

प्रस्तावना

वडगाव निंबाळकर हे बारामती-नीरा मार्गावरील गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. या पट्ट्यात ऊस आला तो कालव्याच्या पाण्यावर आणि कालवा आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अभियंत्यांच्या आखणीतून. त्याच पट्ट्यातील अनेक घरांतून मुले सैन्यात जातात आणि चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होऊन परत येतात. त्यांतील काही जण सॅपर म्हणजे लष्करी अभियांत्रिकी दलातील जवान असतात.

काही वर्षांपूर्वी या परिसरातील एका विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज तपासताना 'पालकाचे शिक्षण' या रकान्यात 'दहावी' आणि 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात 'सुरक्षारक्षक, माजी सैनिक' अशी नोंद आढळली. सहज चौकशी केली असता समजले, की हे गृहस्थ सॅपर होते. नदीवर पूल टाकणे, भूसुरुंग शोधून निकामी करणे, पाण्याचे पंप बसविणे ही कामे त्यांनी सतरा वर्षे केली होती. अर्जात या ज्ञानाला रकाना नव्हता. अधिक खेदाची बाब अशी, की तो असावयास हवा असे अर्ज तयार करणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनाही कधी वाटले नव्हते. प्रस्तुत लेखाचा उगम या नोंदीत आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) 'अभियंता' या संज्ञेचे सैन्याशी असलेले मूळ नाते तपासणे.
२) सैनिकाच्या तांत्रिक कार्याचा गौरव करणाऱ्या भाषेची चिकित्सा करणे.
३) त्या भाषेचे प्रतिबिंब समकक्षतेच्या नियमांत कसे पडते, हे दाखविणे.
४) या संदर्भात महाविद्यालयांची जबाबदारी सुचविणे.

'अभियंता' या संज्ञेचा पूर्वेतिहास

आज आपण 'सिव्हिल इंजिनिअर' या शब्दाचे भाषांतर 'स्थापत्य अभियंता' असे करतो. या भाषांतरात एक इतिहास झाकला जातो. इंग्रजीतील 'सिव्हिल' या विशेषणाचा मूळ अर्थ 'स्थापत्य' असा नव्हता, तर 'असैनिकी' असा होता. अठराव्या शतकापर्यंत युरोपात अभियंता म्हटले की तटबंदी, खंदक आणि पूल बांधणारा सैनिकच डोळ्यांसमोर येई. त्याच्यापासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी जॉन स्मीटन यांच्या पिढीने 'सिव्हिल' हे विशेषण स्वीकारले. लंडनमध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सची स्थापना १८१८ साली झाली. म्हणजे नागरी अभियंता हाच सैनिकी अभियंत्यापासून निघालेला उपप्रकार होय.

भारतातील चित्रही याहून निराळे नव्हते. गोदावरीवरील बंधाऱ्याचे आर्थर कॉटन मद्रास इंजिनिअर्सचे अधिकारी होते. १८५४ साली खुल्या झालेल्या गंगा कालव्याचे प्रोबी कॉटली हे तर तोफखान्याचे अधिकारी होते. पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर १८६९ ते १८७९ या काळात बांधल्या गेलेल्या खडकवासला धरणाची योजना रॉयल इंजिनिअर्सचे कर्नल फाइफ यांची. त्या जलाशयाला 'लेक फाइफ' हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. या अधिकाऱ्यांना 'तुम्ही सैनिक आहात, मग अभियंता कसे?' असा प्रश्न कोणी विचारला नाही. त्यांची सैनिकी सेवा हीच त्यांची अभियांत्रिकी पात्रता मानली गेली.

मात्र ही मान्यता अधिकाऱ्यांपुरती होती. त्याच पुण्यात १८५४ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग क्लासचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम कर्मचारी घडविणे हा होता. आखणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा, अशी ही विभागणी होती. सैन्यात तिला हुद्द्यांची जोड मिळाली. स्वातंत्र्यानंतर आखणाऱ्यांच्या जागी भारतीय आले. परंतु बांधणाऱ्याच्या ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलली नाही.

सन्मानपत्राची भाषा

या दृष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रामा राघोबा राणे. कारवारजवळील चेंडिया या गावी १९१८ साली जन्मलेले राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये जवान म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी सेवा केली आणि डिसेंबर १९४७ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याची कामगिरी त्यांच्या तुकडीकडे आली. ८ एप्रिलला काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांच्या माऱ्यात तुकडीतील दोघे ठार झाले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. त्यानंतर ११ एप्रिलच्या रात्रीपर्यंत त्यांनी रस्ता मोकळा करण्याचे काम चालू ठेवले. १२ एप्रिलला राजौरी भारतीय सैन्याच्या ताब्यात आली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. हयातीत हा सन्मान मिळविणारे ते पहिले सैनिक ठरले.

त्यांचे सन्मानपत्र साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी बारकाईने वाचावे असे आहे. वीरगाथेत सहसा शत्रूवर चाल करून जाण्याचे, गोळी झाडण्याचे, ठार मारण्याचे वर्णन असते. येथे ते जवळजवळ नाही. येथे आहेत त्या कामाच्या वेळा आणि कामाच्या नोंदी : सुरुंग काढले, वळणरस्ता तयार केला, रस्त्यावर आडवी टाकलेली पाइनची झाडे स्फोटाने उडविली, उद्ध्वस्त मोरीला बगल देणारा रस्ता काढला, पुन्हा अडथळा, पुन्हा काम. पहाटे पावणेपाचला सुरुवात, रात्री दहाला विराम. एखाद्या साइटवरील दैनंदिन नोंदवही वाचावी, तसा हा मजकूर आहे. फरक इतकाच, की या साइटवर मशीनगनचा मारा चालू आहे.

आता या मजकुराची व्याकरणाच्या अंगाने तपासणी केली, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्यातील बहुतेक क्रियापदे अभियांत्रिकीची आहेत. गौरवाची विशेषणे मात्र सारी धैर्याची आहेत. काम सांगताना रस्ता, मोरी, स्फोट आणि सुरुंग येतात. कामाचे मोल सांगताना शौर्य, इच्छाशक्ती, नेतृत्व आणि प्राणांची बेपर्वाई येते. ज्ञानाची नोंद करणारे विशेषण तेथे आढळत नाही.

वस्तुतः डोंगरउतारावर रणगाड्याचे वजन पेलेल असा वळणरस्ता काही तासांत काढायचा, तर उताराचे प्रमाण, मातीचा कस आणि कडेची मजबुती यांचा अचूक अंदाज हवा. खोडाच्या जाडीनुसार स्फोटकाचे प्रमाण ठरविता आले पाहिजे. कमी पडले तर झाड हटत नाही, जास्त झाले तर रस्ताच उखडतो. भूसुरुंग निकामी करताना धैर्य हाताला स्थिर ठेवते हे खरे. पण हाताने काय करावयाचे, ते ज्ञानच सांगते. केवळ धाडसी माणूस तो रस्ता मोकळा करू शकला नसता. शिवाय राणे यांना अधिकारी होऊन त्या वेळी चार महिनेही झाले नव्हते. त्यांनी वापरलेली विद्या प्रामुख्याने सात वर्षांच्या शिपाईगिरीत कमावलेली होती. म्हणजे ज्या ज्ञानाने राजौरीचा रस्ता उघडला, ते मुळात जवानाचे ज्ञान होते.

येथे सन्मानपत्राच्या लेखकांना दोष देण्याचा हेतू नाही. परमवीरचक्र हा शौर्याचा पुरस्कार आहे. त्याने शौर्याविषयी बोलावे हे रास्तच. प्रश्न आपला आहे. शालेय पाठ, वृत्तपत्रीय लेख आणि पंधरा ऑगस्टची भाषणे यांतून आपण ती विशेषणे उचलली आणि क्रियापदे मागे ठेवली.

या तुलनेत याच बॉम्बे सॅपर्समधील प्रेमेंद्रसिंग भगत यांचे उदाहरण लक्षणीय आहे. १९४१ साली ॲबिसिनियात चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रे साफ करून त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ते आरंभापासून अधिकारी होते. लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर १९७४ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन या धरणे व वीजनिर्मिती सांभाळणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सैनिकी कर्तृत्व नागरी अभियांत्रिकीच्या क्षेत्रात नेणारा पूल अस्तित्वात होता, हे यावरून दिसते. मात्र तो पूल हुद्द्याच्या उंचीवर बांधलेला होता.

नियमांची भाषा

गौरवाच्या भाषेत जे सुटते, ते नियमांच्या भाषेतही सुटते. केंद्रीय नागरी सेवांमधील माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीचे नियम १९७९ साली तयार झाले. त्यांतील पुढे समाविष्ट झालेल्या तरतुदीनुसार दहावी उत्तीर्ण आणि किमान पंधरा वर्षे सेवा झालेला माजी सैनिक, पदवीची अट असलेल्या गट 'क' मधील राखीव पदासाठी पात्र समजला जाऊ शकतो. तरतूद उदार आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण तिला एक अट आहे : त्या पदासाठी तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव आवश्यक नसावा. तो अनुभव अतांत्रिक स्वरूपाचा असेल, तर अल्प प्रशिक्षणानंतर उमेदवार काम करू शकेल, अशी नियुक्ती अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.

या अटीचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. पंधरा वर्षांची सैनिकी सेवा पदवीच्या तोडीची मानली. मात्र जेथे तांत्रिक ज्ञान लागते, तेथे हे तोलणे थांबविले. लिपिकाच्या टेबलामागे बसणाऱ्या माजी सॅपरला राज्यव्यवस्था पदवीधर समजू शकते. पुलाच्या कामावर उभ्या असलेल्या त्याच सॅपरला ती दहावी उत्तीर्ण समजते. ज्या विषयात त्याने आयुष्य घालविले, नेमक्या त्याच विषयात त्याची समकक्षता संपते.

अधिकाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातील बी.टेक. अभ्यासक्रमाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. जवानांच्याही काही विशिष्ट अभ्यासक्रमांना आणि ट्रेडना नागरी समकक्षता आहे, हे नमूद केले पाहिजे. पण ती अभ्यासक्रमाला आहे, प्रत्यक्ष कामातून वाढलेल्या ज्ञानाला नाही. विसाव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र चाळिसाव्या वर्षीही तेवढेच राहते.

एक मार्ग दीर्घकाळ खुला होता. १९२० साली स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये राजसनद मिळालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) या संस्थेची ए.एम.आय.ई. परीक्षा नोकरी सांभाळून देता येत असे आणि ती शासकीय सेवेसाठी अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची मानली जाई. बराकीत राहून अभ्यास करणाऱ्या तंत्रज्ञ सैनिकांना हा मोठा आधार होता. मात्र केंद्राच्या २०१२ मधील निर्णयानुसार ही मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित झाली. बाहेरून दिलेल्या परीक्षेतून प्रयोगशाळेचा अनुभव मिळत नाही, हा आक्षेप सर्वसाधारण विद्यार्थ्याबाबत समजण्यासारखा आहे. परंतु ज्याची प्रयोगशाळा खुद्द नदी आणि डोंगर आहे, त्याच्याबाबत तो कितपत लागू पडतो, याचा वेगळा विचार व्हावयास हवा होता.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेबरोबर जाहीर झालेला पदवी कार्यक्रमही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अग्निवीराच्या सेवाकाळातील कौशल्य प्रशिक्षणाला पदवीच्या निम्म्या श्रेयांकांइतके मोल देण्याचे ठरले. ही निश्चितच पुढची पायरी होय. परंतु इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत मिळणाऱ्या ज्या पदव्यांची नावे घोषणेत होती, त्या बी.ए., बी.कॉम., व्यावसायिक बी.ए. आणि पर्यटन व्यवस्थापनातील बी.ए. अशा आहेत. श्रेयांक कौशल्याचे, पदवी मात्र कला-वाणिज्याची. कला शाखेच्या प्राध्यापकाने या पदव्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न ज्ञानाला त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखण्याचा आहे.

अलीकडचे पूल, जुनेच मौन

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील, करी रोडचा आणि आंबिवलीचा असे तीन पादचारी पूल उभारण्याचे काम सैन्याकडे देण्यात आले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी ते पूर्ण केले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी पूल खुले झाले. त्या वेळी चर्चा रंगली ती दोन मुद्द्यांवर : सैन्याने किती झटपट काम केले आणि रेल्वेच्या कामासाठी सैन्य का बोलवावे लागले. पहिल्यात शिस्तीचे कौतुक होते, दुसऱ्यात राजकारण होते. हे जवान पूल बांधण्यात तज्ज्ञ आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांचे हे तज्ज्ञपण कोठे जाते, हा तिसरा प्रश्न मागे राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये केरळातील वायनाड येथे भूस्खलनानंतर मद्रास सॅपर्सनी १९० फूट लांबीचा, २४ टन भार पेलणारा बेली पूल उभारला. त्या कामात पुढे असलेल्या मेजर सीता शेळके या पारनेर तालुक्यातील. महाराष्ट्राने त्यांचे मनापासून कौतुक केले आणि ते योग्यच होते. त्या अभियांत्रिकीच्या पदवीधर असल्याने त्यांच्याविषयी लिहिताना शिक्षणाचा उल्लेख आला. त्या पुलाचे लोखंडी सांगाडे रात्रभर खांद्यावरून वाहून पिनांनी जोडणाऱ्या जवानांविषयी मात्र त्यांची जिद्द आणि श्रम एवढेच लिहिले गेले. राणे यांच्या कामगिरीनंतर शहात्तर वर्षांनीही विशेषणे तीच राहिली.

या विशेषणांचे व्यवहारात काय होते? समाज माणसाला ज्या गुणासाठी ओळखतो, त्याच गुणासाठी त्याला काम देतो. सैनिकाला आपण शिस्त, निष्ठा आणि धैर्य यांसाठी ओळखतो. म्हणून त्याला फाटकावर उभे करतो. केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजनांतही सुरक्षा संस्थांना ठळक स्थान आहे, हा योगायोग नव्हे. सुरक्षारक्षकाचे काम प्रतिष्ठेचेच आहे. परंतु सॅपरला तेवढेच काम योग्य वाटावे, यात त्याच्या गौरवाने त्याच्या ज्ञानावर केलेली मात दिसते.

आक्षेप आणि मर्यादा

या प्रतिपादनावर काही रास्त आक्षेप संभवतात. पहिला असा, की सैनिकी बांधकाम तात्पुरते आणि तातडीचे असते. नागरी बांधकाम पन्नास-शंभर वर्षे टिकावे लागते. युद्धात पत्करलेला धोका शाळेच्या इमारतीत पत्करता येत नाही. दुसरा, पूल जोडता येणे आणि पुलाचे संकल्पन करता येणे ही भिन्न कौशल्ये आहेत. तिसरा, सार्वजनिक सुरक्षिततेच्या क्षेत्रात मान्यता ही कृतज्ञतेची भेट होऊ शकत नाही.

हे तिन्ही आक्षेप ग्राह्य आहेत. म्हणूनच येथील मागणी सरसकट पदवी देण्याची नाही, तर परीक्षेचे दार उघडण्याची आहे. ब्रिटनमध्ये इंजिनिअरिंग कौन्सिलच्या नोंदणीत तंत्रज्ञ, इनकॉर्पोरेटेड अभियंता आणि चार्टर्ड अभियंता अशा पायऱ्या आहेत. रॉयल इंजिनिअर्सच्या जवानांनाही आपल्या कामाच्या नोंदी सादर करून आणि तज्ज्ञांपुढे मुलाखत देऊन तंत्रज्ञ श्रेणीची नोंदणी मिळविता येते. तेथे सैनिक असल्याबद्दल गुण मिळत नाहीत. केलेल्या कामाची कसून तपासणी होते. आपल्याकडे वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांच्या नोंदणीच्या कायद्याची चर्चा मात्र वारंवार होऊन लांबत गेली. हा कायदा होईल तेव्हा त्यात पदवीधरांच्या जोडीने अनुभवसिद्ध तंत्रज्ञासाठीही पायरी असावी, हा आग्रह आताच धरणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांपुढील कार्य

या प्रश्नात आपण प्राध्यापक तटस्थ नाही. प्रमाणपत्राचे मोल एखाद्या परिपत्रकाने कसे बदलते, हे आपल्या पिढीने जवळून पाहिले आहे. एम.फिल. धारकांना नेट-सेटमधून मिळालेली सूट २००९ च्या नियमांनी गेली आणि २०२२ मध्ये ती पदवीच बंद झाली. प्रस्तुत लेखकही एम.फिल. धारक आहे. पदवीचे नाव कागदावरून गेले तरी त्या निमित्ताने केलेला अभ्यास नाहीसा होत नाही, हे आपल्याला स्वतःबद्दल सहज पटते. तेच तत्त्व सॅपरबद्दल पटावयास हरकत नसावी.

या दिशेने तीन गोष्टी करता येतील. पहिली, आय.टी.आय. उत्तीर्णांना तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. लष्करी ट्रेडच्या समकक्षतेचा आधार घेऊन माजी सैनिकांपर्यंत ही माहिती पोचविणे. दुसरी, डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात पूर्वज्ञानाच्या मान्यतेला स्थान आहे; त्याची मूल्यमापन केंद्रे ग्रामीण महाविद्यालयांत यावीत यासाठी प्रस्ताव देणे. तिसरी गोष्ट मराठी आणि इतिहास विभागांची. माजी सैनिकांच्या मुलाखती घेताना आपण 'लढाईत काय वाटले?' असे विचारतो. त्याऐवजी 'पूल कसा टाकला?' असे विचारावे. या उत्तरांतून मराठीत सैनिकी अभियांत्रिकीचा एक अलिखित ज्ञानसंग्रह उभा राहील आणि त्याच नोंदी उद्या मूल्यमापनासाठी पुरावा म्हणूनही उपयोगी पडतील.

निष्कर्ष

१) अभियंत्याचा व्यवसाय मुळात सैन्यातून निघाला, तरी सैनिकाला अभियंता म्हणून मिळणारी मान्यता प्रामुख्याने हुद्द्याशी बांधलेली राहिली.

२) सैनिकाच्या तांत्रिक कार्याचा गौरव करणारी भाषा त्याचे ज्ञान धैर्याच्या विशेषणांखाली झाकते. राणे यांचे सन्मानपत्र आणि त्याचे लोकप्रिय वाचन ही त्याची साक्ष होय.

३) पुनर्नियुक्तीच्या नियमांत पंधरा वर्षांची सेवा पदवीच्या तोडीची मानली जाते, मात्र तांत्रिक अनुभव आवश्यक असलेल्या पदांपाशी ही समकक्षता थांबते. ही विसंगती दूर होणे गरजेचे आहे.

४) मान्यता सवलतीने नव्हे, तर कामाच्या नोंदी आणि तज्ज्ञांची तपासणी यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने मिळावी.

प्रवेश अर्जातील 'दहावी' ही नोंद खोटी नव्हती. ती अपुरी होती. तिच्याशेजारी 'अनुभवाने प्राप्त कौशल्य' असा आणखी एक रकाना छापण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तेवढा बदल आपल्या महाविद्यालयांना पुढील प्रवेशप्रक्रियेपासून करता येण्याजोगा आहे.